वाघाच्या तालमीचं धुणं

“सूनबाई, तळघरात बॅग हाय. तेवढ्या बॅगेला हात लावू नका.”

आण्णा माझ्याशी बोलले ते हे शेवटचं वाक्य. फेब्रुवारीतली दुपार होती, हॉस्पिटलच्या खिडकीतून पार्किंगमधला राखाडी बर्फ दिसत होता आणि मी ऑफिसातून लवकर निघून थर्मासमधून मुगाची पातळ खिचडी घेऊन गेले होते. दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला मान फिरवली आणि बॅगेचं काढलं. मला हसूच आलं. त्या बॅगेला मी कशाला हात लावतेय? पाच वर्षांत कधी लावला नव्हता. तळघरात सायकल काढायला गेले तरी ती पायाने बाजूला सारायची. मी म्हटलं, “नाही लावत, आण्णा,” आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युसलडॉर्फच्या स्टेशनावर उतरत होते तेव्हा सुहासचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. “आण्णा गेले” एवढंच म्हणाला. मी बाकावर बसले, आणि सांगायला लाज वाटते, पण रडू यायच्या आधी डोक्यात आलं ते हे, की आता ती बॅग एकदाची बाहेर काढता येईल.

दीड महिना झाला त्याला. कोल्हापुरात आण्णांवर चांगलं लिहून आलं. त्यांच्या जुन्या सोबत्यांनी त्यांच्या हेडरबद्दल लिहिलं, पेठेच्या टीमला त्यांनी कसं सांभाळलं ते लिहिलं, गुडघा गेला तो सामना लिहिला. ते सगळं त्यांना ठाऊक, मला नाही. मी पुण्याची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या पी.टी.च्या तासाला मुलगे धूळ उडवतात तो. माझ्या वाट्याला आलं ते आण्णांचं धुणं, आणि मी त्याबद्दलच लिहिणार आहे.

कोल्हापूरबाहेरच्यांना सांगायला हवं, की तिथे फुटबॉल क्लबांचा नसतो, तालमींचा असतो. पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि टीमसाठी पेठेतलं घरन् घर. कुणी पोरांना दूध पाजतं, कुणी बूट घेऊन देतं. आण्णांच्या तालमीच्या जर्सी त्यांच्या घरी धुतल्या जात, म्हणजे माझ्या सासूबाई धूत. आण्णा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, लाकडाचे साचे करायचे. सकाळी काम, संध्याकाळी मैदान, आणि घरी दोरीवर वाळत असलेल्या अकरा जर्सी. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरी गेले तर अंगणात माणसाला उभं राहायला जागा नव्हती, सगळ्या जर्सीच. सासूबाई म्हणाल्या, “मान हाय आपल्या घराचा.” मी मनात म्हटलं, मान कसला, हा तर गळफास आहे. सासूबाई गेल्या आणि आण्णा एकटे पडले. सुहास एकुलता एक. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, दोन वर्षं खेटे घालून त्याने आण्णांना इथे राहायची परवानगी मिळवली. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आण्णा जर्मनीत, एसेनजवळच्या आमच्या गावात आले ते एक ट्रंक, गुडघ्याचा पट्टा आणि शेंगदाणे घेऊन.

इथे माणूस सकाळी सातला घराबाहेर पडतो. मी ड्युसलडॉर्फला, सुहास दुसऱ्या दिशेला, ओवी शाळेत. ओवी, आमची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची, त्यामुळे आजोबा-नातीच्या गप्पा म्हणजे दोन रेडिओ स्टेशनं. आण्णा दिवसभर लंगडत गावभर फिरायचे. असेच एका रविवारी फिरताना बंद पडलेल्या खाणीमागून त्यांना बॉलला लाथ बसल्याचा आवाज आला. मग काय, माणूस कुंपणाला चिकटला. आत लाल राखेचं मैदान होतं. इकडे त्याला आशेनप्लात्झ म्हणतात. खाणीतून निघालेला दगड जळून लाल झाला की तो कुटून मैदानावर पसरतात, पडलं की गुडघा सोलून निघतो. एका बाजूला पिवळ्या-काळ्या जर्सीतली पोरं हरत होती. काठावर कोरियन म्हाताऱ्यांची रांग खुर्च्या टाकून बसली होती, आणि कुणी काही बोलत नव्हतं. आण्णांना ते सहन होईना. कुंपणाबाहेरूनच ओरडले, “आरं ए, सोड की बॉल! लगीन लावलंयस व्हय त्याच्यासंगं?” सगळी रांग वळून बघायला लागली. त्यातले एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ उठून कुंपणापाशी आले आणि त्यांनी आण्णांच्या हातात जवाच्या चहाचा कप ठेवला. ते हेर पाक. हेर म्हणजे इकडचं श्रीयुत. संध्याकाळी आण्णा घरी आले ते सांगतच, “सुहास, हितं वाघाची तालीम हाय.”

होरांगी म्हणजे कोरियनमध्ये वाघ. एफ.सी. होरांगी हे क्लबचं नाव. खेळायचे क्राइसलिगात, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर, आणि तिथेही सगळ्यात खालच्या पायरीवर. त्या क्लबचा इतिहास मी पाच वर्षं जेवताना ऐकला, अर्धा कान देऊन, अर्धं लक्ष लॅपटॉपवर. सत्तरच्या दशकात कोरियातून तीन वर्षांच्या करारावर माणसं आणली होती, पुरुष खाणीत आणि मुली हॉस्पिटलांत नर्स म्हणून. खाणीतली पोरं आठवडाभर जमिनीखाली आणि रविवारी होस्टेलच्या मागे बॉल. गावातल्या क्लबात जागा मिळेना, तर यांनी स्वतःचाच काढला. पहिला अख्खा मोसम हरले. दुसऱ्यात एक सामना बरोबरीत सुटला, तर त्या रात्री होस्टेलात जेवण. ऐंशीच्या दशकात एकदाच दोन पायऱ्या वर चढले, पुढच्याच वर्षी परत खाली. मग खाण बंद झाली. कुणी मायदेशी गेलं, कुणी कॅनडाला. राहिले त्यांची मुलं डॉक्टर झाली, वकील झाली, फ्रँकफर्टला नि म्युनिकला गेली आणि खेळायची थांबली. कोरिया विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोचली त्या उन्हाळ्यात एकदम पोरांची झुंबड उडाली म्हणे, पण ती एक हिवाळाही टिकली नाही. शेवटी शेवटी टीममध्ये कोरियन दोनच होते. बाकी तुर्की, पोलिश, एक श्रीलंकेतला तमीळ गोलकीपर. आण्णांना त्याचं काहीच वाटायचं नाही. “तालीम पेठेची असती, जातीची न्हाई,” म्हणायचे. कोल्हापुरात हे कितपत खरं होतं देव जाणे, पण इथे ते ठामपणे म्हणायचे.

आणि मग ती बॅग घरी आली. काळी, कॅनव्हासची, माझ्या कमरेएवढी, चेन तुटायला आलेली. त्यात चिखल नाही, लाल राख लागलेल्या जर्सी. आण्णा म्हणाले, हेर पाकांच्या बायकोचे हात आता दुखतात, संधिवात झालाय, तर आपणच त्यांना सांगितलं, आमच्या घरी द्या. मी विचारलं, “आमच्या घरी म्हणजे, आण्णा?” ते म्हणाले, “मी हाय की.” ठीक आहे, म्हटलं, करा. इथे आमच्या इमारतीत तळघरात धुण्याची एक खोली आहे, वाशक्युशे. सहा बिऱ्हाडांत मिळून यंत्रं, प्रत्येकाचा वार ठरलेला, आणि रविवारी यंत्र लावायचं नाही म्हणजे नाही. आण्णांनी पहिल्याच रविवारी लावलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वार पाळला, पण राख यंत्राच्या रबरात राहिली आणि वरच्या बाईंच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या. हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याने, भिंतीवर सूचना लावली. नाव नव्हतं घातलेलं, पण लाल राख आणि खेळाचे कपडे असं लिहिलं होतं, मग नाव कशाला हवं? मी त्या बाईंची माफी मागितली, चादरी नवीन आणून दिल्या, आणि घरी येऊन आण्णांसमोर उभी राहिले. ओरडले नाही. मी ओरडत नाही, मी समजावून सांगते, ते जास्त वाईट. म्हटलं, “आण्णा, हे कोल्हापूर नाही. इथे आपल्याकडे लोक बघत असतात.” ते म्हणाले, “व्हय, बरोबर हाय तुमचं.” त्यानंतर जर्सी यंत्रात गेल्या नाहीत.

सोमवारी आम्ही सगळे बाहेर पडलो की आण्णा बाथटबात जर्सी भिजवायचे, टबाच्या कडेला लाकडी पाट लावून सुहासच्या जुन्या क्रिकेटच्या बॅटने धोपटायचे, पिळायचे आणि बाल्कनीत घालायचे. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, तुमच्याकडे सोमवारी सुतारकाम चालू असतं का? मी म्हटलं, हो. एका कॅनव्हासच्या बॅगेपायी मी दर आठवड्याला खोटं बोलत होते. संध्याकाळी घरी यायचे तर टबाला आतून तांबूस रेघ. आण्णांनी घासून पुसून ठेवलेला असायचा, पण रेघ राहायचीच, आणि मी काही न बोलता स्पंज घेऊन ती पुन्हा घासायची. ते हॉलमध्ये बसलेले असत, आवाज त्यांना ऐकू येई. मला तो ऐकू जावा असंच वाटायचं.

बॅग गेली की बदल्यात बरणी यायची. किमची. कोबीचं, मुळ्याचं, तिखट, आंबलेलं, आणि फ्रीजमध्ये ठेवलं की दुधालासुद्धा त्याचा वास. मी ती बाल्कनीत ठेवायची. आण्णा भाकरीबरोबर थोडी खायचे आणि मला म्हणायचे, “सूनबाई, चाखून तर बघा, तुमच्यासाठी दिलीया.” मला वाटायचं, म्हाताऱ्याचं आपलं लाघव. आणि रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे आपल्याकडचं. मग आण्णा शेंगदाणे भाजायचे, गूळ घालून लाडू वळायचे आणि त्या बरण्यांत भरून न्यायचे. शेंगदाण्याचं टरफल स्वयंपाकघरभर. मी म्हणायची, “आण्णा, त्यांना विकतची बिस्किटं नेली तरी चालतील की.” ते नुसते हसायचे.

मैदानावर मी एकदाच गेले, तेही गाडीतून उतरले नाही. पाऊस होता, आण्णांचा गुडघा सुजला होता आणि सुहास गावाला गेला होता, म्हणून त्यांना आणायला गेले. नेमकी माझी बॉस शेजारी बसलेली होती, तिला स्टेशनवर सोडायचं होतं. कुंपणापलीकडे माझे सासरे, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, रेफ्रीला कोल्हापुरीत काय काय ऐकवत होते. एक शब्द तिला कळणार नव्हता, तरी माझे कान तापले. बॉस म्हणाली, “ओळखीचे आहेत का?” मी म्हटलं, “शेजारी राहतात.” ... हे मी आजवर सुहासलाही सांगितलेलं नाही, आता तो इथेच वाचेल. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या मंडळींनी माझी गाडी ओळखली. खुर्च्यांवरची सगळी रांग उभी राहिली, छत्र्या मिटल्या आणि पावसात कमरेतून वाकली. माझ्या दिशेने. मला वाटलं, यांची रीतच अशी असेल. मी काचेआडून मंत्र्यासारखा हात हलवला.

गेल्या डिसेंबरात टीम संपली. हिवाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या सामन्याला कशीबशी आठ पोरं जमली आणि आठ जणांत जे व्हायचं ते झालं. जानेवारीत हेर पाकांनी संघटनेला कळवून टाकलं, की वसंतात आम्ही उतरत नाही. मैदानाची जागा गावाने घरांसाठी आधीच ठरवली होती. तोवर न्यूमोनियाने आण्णांना धरलं होतं, आणि हेर पाक हॉस्पिटलात येऊन त्यांच्या उशाशी तासन् तास बसायचे. दोघांना मिळून एक भाषा धड येत नव्हती. आण्णांचं जर्मन म्हणजे जा, नाइन आणि गेनाऊ, म्हणजे हो, नाही आणि अगदी बरोबर. तरी हातवारे करून बोलणं चालू असायचं, आणि दोघांना सगळं कळायचं. मी आत गेले की हेर पाक उठून उभे राहायचे, खुर्ची मला द्यायचे आणि इतक्या अदबीने बाहेर पडायचे की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. वाटायचं, मी काय केलंय यांचं?

काय केलं होतं ते मला अंत्यविधीच्या दिवशी कळलं. इथे दहनाआधी हॉल अर्धा तास मिळतो. आपली चार मराठी कुटुंबं आली होती, सुहासचे ऑफिसातले लोक होते, आणि मागच्या दाराने कोरियन मंडळी आली, सगळी काळ्या सुटांत. आल्या आल्या त्यांनी बूट काढले. थंडगार फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, आण्णांच्या फोटोला दोनदा नमस्कार केला. सत्तरीकडे झुकलेली माणसं. उठताना एकमेकांना हात देत होती. मग ती सुहासकडे वळून वाकली, आणि मग माझ्याकडे. हेर पाकांच्या बायकोने, फ्राऊ पाकांनी, माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांची बोटं सांध्यांत गाठाळली होती. त्यांनी माझे हात उलटे केले, तळवे पाहिले, आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, “फ्राऊ झूनबाय, पाच वर्षं या हातांनी आमच्या मुलांच्या जर्सी धुतल्या. आम्ही कधी घरी येऊन आभार मानले नाहीत. हेर आण्णा नको म्हणायचे. माफ करा.”

झूनबाय म्हणजे सूनबाई. ते माझं नाव आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

मी माझ्या हातांकडे बघत राहिले. आदल्या दिवशी रडतारडताही मी त्यांना क्रीम लावलं होतं, थंडीत कातडी फुटते म्हणून. एकेक बाई पुढे येत होती. लाडूंबद्दल थँक्यू. एवढी नोकरी सांभाळून, म्हणाल्या. आमच्या सुना असं करणार नाहीत, म्हणाल्या. किमची आवडते ना तुम्हाला, हेर आण्णा सांगायचे, तुम्ही बोटं चाटून खाता. मी मान हलवत होते. मागून हॉलवाला घड्याळ दाखवत होता. सुहासचे हात कुणी बघितले नाहीत.

परत येताना गाडीत मी भांडले. ज्या दिवशी भांडू नये त्याच दिवशी. “मी का धुवायच्या? तुझे वडील, तुझी तालीम. तू का नाही धुतल्यास? आणि न धुता मला हा मान कशाला?” सुहास गाडी चालवत राहिला. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, “मला वाटायचं ते मजेत धुतात.” मीही तेच समजत आले होते, किंवा तसं समजणं सोयीचं होतं. राग अजून आहे. कुणाच्याही जर्सी कुणाही सुनेने धुवायचं काही कारण नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण त्या बायका माझ्यासमोर वाकल्या तेव्हा जी लाज वाटली तिला हे कारण पुरत नाही. लाज हिशोब ऐकून घेत नाही.

मार्चअखेरीला क्लबचा निरोपाचा कार्यक्रम होता. मैदानाशेजारच्या लाकडी खोलीत शेवटचा चहा. मला खास आमंत्रण. मी ठरवून गेले, की आज खरं सांगून टाकायचं. आण्णा खोटे पडले तर पडले, पण त्यांनी केलेलं काम त्यांच्या नावावर तरी लागेल. भिंतीवर जुने फोटो होते, केस वाढवलेली, गाल बसलेली कोरियन पोरं, पाठीमागे खाणीचं चाक. हेर पाक उभे राहिले आणि त्यांनी त्यांच्या खाणकामगारी जर्मनमध्ये क्लबचा इतिहास सांगितला. मला वाटलं, सामने सांगतील. सामन्यांवर ते दोन वाक्यांत मोकळे झाले, कारण जिंकलेले थोडेच होते. त्यांनी धुणं सांगितलं. पहिल्या वर्षी होस्टेलात गरम पाणी आंघोळीपुरतंच मिळे, तर नर्सच्या वसतिगृहातल्या मुली रात्रपाळीहून येऊन जर्सी धूत. वॉर्डनला कळू नये म्हणून खिडकीतून पिशवी खाली सोडत. ती पिशवी घ्यायला जो मुलगा जाई तो हेर पाक, आणि खिडकीत जी मुलगी असे ती फ्राऊ पाक. सगळे हसले. म्हणाले, आमच्या क्लबला कप मिळाला नाही, आमच्याकडे एवढंच आहे, की आमची टीम कधी मळक्या जर्सीत उतरली नाही. मग त्यांनी धुणाऱ्या बायकांची नावं घेतली, एकेक करून. ज्या गेल्या त्यांच्या नावाला क्षणभर थांबत. शेवटचं नाव फ्राऊ झूनबाय.

टाळ्या झाल्या. मी उठले. म्हटलं, “मला एक सांगायचंय. जर्सी मी धुतल्या नाहीत. एकदाही नाही. आण्णा धुवायचे, स्वतः, बाथटबमध्ये.”

 मग फ्राऊ पाक हसल्या, शेजारणीला कोरियनमध्ये काही बोलल्या, आणि ते हसू सगळ्या टेबलावर पसरलं. मायेचं हसू. एका म्हातारीने तर डोळे पुसले. मी म्हटलं, खरंच सांगते, लाडूसुद्धा त्यांनीच केले, किमची मी बाल्कनीत ठेवायची. त्यावर आणखी हसले. हेर पाक तर मान तुकवून ऐकत होते, देवळात कीर्तन ऐकावं तसे. मी जितकं नाही म्हणत गेले तितकी मोठी होत गेले. खोटं बोलून मोठी झालेली माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली आहेत, खरं बोलून झालेली मी एकटीच असेन. सुहास बुटांकडे बघत बसला होता. शेवटी फ्राऊ पाकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

“जा, जा,” त्या म्हणाल्या. “आम्हाला माहीत होतं तुम्ही असंच म्हणणार. हेर आण्णांनी सांगून ठेवलं होतं. माझी सून कधी कबूल करायची नाही, म्हणाले. विचाराल तर नाहीच म्हणेल आणि माझं नाव पुढे करेल. स्वभावच तसा आहे तिचा.”

 बसल्या जागी मी आण्णांना किती तरी वेळा विचारलं, का सांगितलंत असं? मला अडकवायला? की मी कधीतरी इथे येईन आणि सत्य सांगेन, इतकी त्यांना माझी पारख होती? आता वाटतं, एवढा विचार त्यांनी केला नसेल. सासूबाई होत्या तोवर आण्णांचं घर भरलेलं होतं, तालमीच्या जर्सी घरी धुतल्या जात. परमुलखात येऊन आपल्या जर्सी आपणच धुतो, हे चारचौघांत सांगणं म्हणजे आपल्यामागे कुणी नाही असं सांगणं. ते त्यांना जमलं नाही. मग त्यांनी तिथे स्वतःसाठी एक सून तयार केली. ती जर्सी धुवायची, लाडू वळायची, किमची बोटं चाटून खायची, आणि तिला ते इतकं जपत होते की तिला कुणी भेटू नये म्हणून पाहुण्यांना घरीसुद्धा येऊ देत नव्हते. सोमवारी सकाळी टबाशेजारी बसून बॅट आपटताना बहुधा तीच सोबतीला असेल. संध्याकाळी सहाला मी यायची, स्पंज घेऊन.

निघताना हेर पाक म्हणाले, जर्सी तुमच्याकडेच राहू द्या, ज्याने शेवटी धुतल्या त्याच्याकडे राहाव्यात. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणून उपयोग नव्हता.

घरी आल्यावर कोट न काढताच तळघरात उतरले. रविवार होता. भिंतीवर हाउसमाइस्टरची ती सूचना पिवळी पडली होती, लाल राख आणि खेळाचे कपडे. मी ठरवलं होतं, आज यंत्र लावायचं, काय बोंबलायचंय ते बोंबला. डिसेंबरच्या शेवटच्या सामन्याच्या जर्सी तशाच असणार, राख आता कापडात घट्ट बसली असणार, एका धुण्यात निघायची नाही, दोनदा-तीनदा लावावं लागेल. निदान एकदा तरी त्या बायकांच्या थँक्यूतलं एक थँक्यू माझं होईल. पावडर मापात ओतली. बॅग ओढत दिव्याखाली आणली आणि पहिल्यांदा तिला हात लावला. चेन अर्ध्यावर अडकली, नखाने सोडवावी लागली.

आत वरती डांबराच्या गोळ्यांची पुडी होती. तिच्याखाली जर्सी, पिवळ्या-काळ्या, एकीवर एक, नंबराप्रमाणे लावलेल्या, बाह्या आत घालून घड्या केलेल्या. मी एक वर काढून दिव्याशी धरली, मग दुसरी, मग सगळ्या. कॉलर उलटून पाहिले, काखा पाहिल्या. राखेचा कण नव्हता. छातीत कफ भरलेला असताना डिसेंबरातल्या कुठल्या तरी सोमवारी त्यांनी त्या धुतल्या होत्या. धुवायला एकही उरली नव्हती. मी त्या होत्या तशा घडी करायला घेतल्या, पण मला त्यांच्यासारखी घडी येईना.